झीज

वाउब्झिखच्या नाटकघरात माझं काम एवढंच:
नवे कपडे जुने करायचे.
राजाचा भिकारी करायला
मला दीड दिवस लागतो.

सोमवारी एक मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र,
हातात जाकीट, कॉलरला किमतीची चिठ्ठी तशीच.
"साहेब निवडणुकीला उभे आहेत. शनिवारपर्यंत
हे वीस वर्षं अंगावरचं वाटायला हवं."

मी चहाचं काळं पाणी उकळलं, घासकागद काढला,
खिशांत नदीतले गोटे भरून रात्रभर टांगलं.
खिसे असेच ओघळतात
हात घालून उभं राहण्याची सवय झाली की.

मापाला साहेब स्वतः आले, वियेझ्बा.
तळहात मऊ. माणूस वाईट नव्हता,
माझ्या मांजराशी जरा वेळ बोलला.
मी विचारलं, "कुठलं कोपर आधी घालवू?"
"म्हणजे?"
"काम काय केलंत त्यावर आहे.
फावडंवाल्याचा खांदा जातो, कारकुनाची कोपरं,
आणि नुसती वाट बघणाऱ्याची पाठ,
भिंतीला टेकून टेकून."
त्याने मुलीकडे पाहिलं.
मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली,
"सगळंच करा. थोडं थोडं."

खाण बंद झाली त्या वर्षी
बाबा मत द्यायला लग्नातला कोट घालून गेले होते.
आई आदल्या रात्री जागली,
कोपराला आतून ठिगळ, टाका बाहेर दिसता कामा नये.
दिसला नाही.
मी आठ वर्षांची, दिवा धरला होता.

शनिवारी चौकात साहेबांनी
चरबी लावलेला पाव सगळ्यांसमोर खाल्ला,
बोटं जाकिटालाच पुसली. (हे मी शिकवलं नव्हतं.)
गेर्वाझीकाकांनी बाही चाचपून पाहिली,
डोळे भरले त्यांचे. "आपल्यातलाच आहे गं,"
म्हणाले, आणि स्वतःच्या इस्त्रीच्या कोटावरचा
नसलेला धागा झटकला.

मग वियेझ्बाने खिशात हात घातला
आणि बोलता बोलता अडखळला.
एक गोटा काढायचा राहिला होता माझा.
त्याने तो बाहेर काढला नाही, टाकलाही नाही.
पुढचं सगळं भाषण मूठ आत, खांदा एका बाजूला कललेला,
ओझं वाहिलेल्या माणसासारखा.

टाळ्या तिथेच सर्वांत जास्त पडल्या.
मीही वाजवल्या बहुतेक.
हात गरम होते.