तहानेचा हिशोब

नकाशावर क्लिपपुट्स शोधू नका.
होतं तेव्हाही ते टिंबच होतं,
कारूच्या माळावर कुणीतरी शाई झटकल्यासारखं.
सात घरं, एक टाकी, एक पवनचक्की
आणि विहीर. तिच्यासाठीच तर बाकी सगळं.

केप टाऊनकडे निघालेल्या इंजिनाला
नेमकी इथे तहान लागायची.
मागे चाळीस मैल, पुढे अडतीस,
पाण्याचा टिपूस नाही.
म्हणून माझा बाप, आपोल्स यांटीस,
वर्षातून चारदा पाऊस बघणारा माणूस,
जन्मभर पाणी पाजत राहिला.

कॅनव्हासची सोंड ओढायची, झडप फिरवायची,
आणि इंजिन पीत असताना
टेंडरच्या कुशीवर हात ठेवायचा,
गाभण गायीच्या ठेवतात तसा.
स्टेशनमास्तर लाटेगान खिडकीतून गॅलन मोजायचे.
वहीत लिहायचे: गाडीचा नंबर, वेळ, किती प्यायली.
पाजलं कुणी, याला रकाना नव्हता.

रुळांच्या त्या बाजूला त्यांचं घर, व्हरांडा, पांढरं कुंपण;
या बाजूला आम्ही, पत्र्यात.
तिकिटाच्या खिडक्या दोन, बाकं दोन.
उतारू दिवसाला एखादा, तोही बहुधा
सिगारेट ओढून परत चढणारा.

टाकीतून सांडायचं ते आईचं.
ड्रिना यांटीसनं त्या ओघळावर
डाळिंबाचं कुंपण लावलं.
ड्रायव्हर फळं मागायचे, बदल्यात कोळसा टाकायचे,
चुकून पडल्यासारखा.
कुंपण अजून आहे. फळं आता आंबट येतात.

सेहेचाळीस साली विहीर आटली.
अकरा दिवस.
पाणी पाजणाऱ्या गावाला पाजायला
टाक्यांची गाडी आली, आणि तेव्हा
एकच रांग लागली. तेव्हाच.
लाटेगानबाई आईच्या मागे, निळी बादली घेऊन.
आई म्हणाली, तुम्ही व्हा पुढे.
त्या म्हणाल्या, नको.
एवढंच बोलणं. बाराव्या दिवशी
विहिरीत पाझर फुटला आणि रांग मोडली.

मग डिझेल आलं.
त्याला तहानच नव्हती.
पहिलं इंजिन न थांबता गेलं त्या सकाळी
बाप सोंड ओढून उभा होता.
ड्रायव्हरनं हात केला. बापानंही केला.
धूळ खाली बसल्यावर त्यानं झडप उघडली
आणि पाणी सोडून दिलं, नुसतं, रुळांवर.
खडी काळी झाली. स्लीपर काळे झाले.
कुठूनशा चिमण्या आल्या.
लाटेगान खिडकीतून बघत होते, ओरडले नाहीत.

स्टेशनला कुलूप लागलं तेव्हा
ती वही मी परकराखाली लपवून आणली.
त्या तारखेचं पान काढून बघते कधी कधी.
नंबर नाही. वेळ आहे, सहा वाजून दहा.
पुढे, गाडीच्या रकान्यात,
त्यांच्या त्या ताठ अक्षरात:
यांटीस. नऊशे गॅलन.