गोल अक्षरं

एकतीस वर्षं मी केंदूगडच्या न्यासात
सन्मानपत्रं लिहितो.
राजमातेच्या जन्मतिथीला पाच माणसं येतात.
पाच शाली, कटकच्या तारकामाची पाच पदकं,
आणि माझ्या हातची पाच पत्रं.
पूर्वी रक्कम पाचशे एक होती, आता एक्कावन्न हजार.
शाई तीच, हिरड्याची.

उडिया अक्षरं गोल का, ठाऊक आहे?
ताडपत्रावर लोखंडी लेखणीनं आडवी रेघ ओढली
की पान चिरतं.
नागरीसारखी सरळ शिरोरेघ आम्हाला परवडली नाही.
आम्ही ती वाकवली, डोक्यावर छत्रीसारखी धरली.
काहीही लिहा, कोपरा उरत नाही.
न्यासाला हे बरं पडतं.

यंदा यादीत तिसरं नाव: जेमामणि बेहेरा,
वय अठ्ठावन्न, गाव सुनाखणी.
अठरा गावांचे हातपंप दुरुस्त करते.
सायकलच्या कॅरियरला दोन पाने,
वॉशरांची माळ, ग्रीसचा डबा.
जेमा म्हणजे राजकन्या.
आमच्याकडे ज्यांच्या चुलीवर भात नसतो
तेही लेकीला बिनदिक्कत जेमा म्हणतात.

सचिव म्हणाले, नावाची खात्री करा,
गेल्या साली एकाचं आडनाव चुकलं होतं.
म्हणून दप्तरखान्यात जाऊन सुनाखणीची वही काढली.
कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधलं वाचता येत होतं.
सन एकोणीसशे चौतीस. बेठी.
बेठी म्हणजे बिगार.
नदीघाटाच्या पायऱ्या. उच्छब बेहेरा, चाळीस दिवस.
शेरा: दोन दिवस गैरहजर, सबब बैल जप्त.
खाली अंगठा.

उच्छब म्हणजे उत्सव.
शेरा किती सुबक, किती गोल!
माझ्या आजोबांचं अक्षर ओळखायला
मला कधीच वेळ लागला नाही.

वही मिटून जेवायला गेलो.
पखाळ घशाखाली उतरला नाही असं म्हणावं,
तर तसं नाही. उतरला.

पत्रात नेहमी बापाचंच नाव असतं.
मी एक ओळ वाढवली:
उच्छब बेहेरा यांची नात.
सचिवांनी वाचलं, त्यांच्या बोटाला काही टोचलं नाही.

महुरी वाजली. युवराज बेंगळुरूहून आले होते,
भला पोरगा, प्रत्येकाला वाकून नमस्कार करतो.
चौघं मोटारीनं आले.
जेमामणि घाटावरून चढून आली,
दर पायरीवर थांबत,
दम लागला असेल असं सगळ्यांना वाटलं.

समारंभ संपल्यावर ती माझ्या मेजाशी आली.
पत्राखाली बोट सरकवत वाचलं,
बोट एका जागी थांबलं.
हे नाव कुणी दिलं?
वहीत होतं, मी म्हणालो.
बैलाचं होतं का वहीत?
नाही.
बउळिआ, ती म्हणाली,
जसं घरातलं कुणी नुकतंच बाहेर गेलंय.

आणखी कुणी लिहिलं होतं, हे तिनं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
ते अजून माझ्याकडेच आहे.

मग तिनं शालीची घडी घातली,
कान टवकारले.
राजवाड्यामागचा पंप करकरतोय, म्हणाली.
वॉशर गेलाय. वीस मिनिटांचं काम.
मजुरी साठ रुपये, वॉशर धरून.

सचिव हसले, बाई, आज तुम्ही पाहुण्या!
ती हसली नाही, सायकलकडे गेली.
पदक काढून ग्रीसच्या डब्यावर ठेवलं,
पदर खोचला.

संध्याकाळी मी खर्चाची वही उघडली.
जेमामणि बेहेरा, पंप दुरुस्ती, साठ रुपये.
दिले.
त्या शब्दाखाली आडवी रेघ ओढली, सरळ,
जोर देऊन.
कागदच तो. फाटला नाही.