दाट जागी मोज

ब्लॉक नंबर दोनशे चौदा. पुरुष, एकेचाळीस, उजवा फ्रंटल.
मेणाच्या चौकोनात हरभऱ्याच्या डाळीएवढा माणूस.
नावं मी मुद्दाम वाचत नाही,
पण या खेपेला धंद्याच्या रकान्यात कुणी गुजरातीत लिहिलं होतं:
दोरी रंगवानुं काम, गेंडीगेट.

जानेवारीचा पहिला आठवडा.
रावपुऱ्यातून येताना खांबाखांबाला गुंडाळलेला
गुलाबी, गुलाबी, मधेच एखादा पोपटी.
लुगदी मुठीत धरून पोरं उलट्या पावली चालतात
आणि दोरी रंग पीत जाते.

म्हटलं तर माझंही तेच.
तीन मायक्रॉनची चकती कोमट पाण्यावर सोडायची,
काचेवर झेलायची, कुकरमध्ये उकळायची,
(कुकर घरच्यासारखाच, फक्त त्यात वरण कधी शिजलेलं नाही)
मग एकेका प्रोटीनच्या शोधात एकेक अँटिबॉडी,
जत्रेत हरवलेल्याला हुडकायला
त्याला ओळखणारंच माणूस धाडावं तशी.
भेटला तर तपकिरी.
नाही तर निळं.

जीएफएपी: तपकिरी, कोळ्याच्या जाळ्यासारखं.
म्हणजे मेंदूचंच आहे, बाहेरून आलेलं नाही.

आयडीएच: तपकिरी.
इथे चिटणीस मॅडम खुर्चीत जरा मागे रेलल्या.
हा बिघाड असलेला बरा,
यात माणसं वर्षं काढतात.
बिघाडाला बरं म्हणायला मी याच खोलीत शिकले.

एटीआरएक्स: गेलेलं.
पेशीमागून पेशी निळी,
फक्त रक्तवाहिनीच्या कडेला चार केंद्रकं तपकिरी.
ती साक्षीला. त्यांच्यामुळे कळतं
की रंग चुकला नाही,
खरंच घरी कुणी नव्हतं.

"अ‍ॅस्ट्रोसायटोमा," मॅडम म्हणाल्या. "आता ग्रेड."

के-आय सदुसष्ट.
यात तेवढीच केंद्रकं रंगतात जी वाढायला निघालीत.
अंगठ्याखाली टिकटिक करणारं यंत्र.
हजारांत एकतीस.
तीन टक्के, मी लिहिलं,
आणि माझं अक्षर जरा बरं आलं बहुतेक,
कारण मॅडमनी कागद पाहिला, मग मला,
मग काच हलकेच सरकवली.
"इथे नको. दाट जागी मोज."

दाट जागी एकशे आठ.

तोच तुकडा. दोन मिलिमीटर पलीकडे.
उत्तरायणाला पतंग मोजायचे
तर गोत्रीच्या अगाशीवरून मोजावेत की मांडवीवरून?
आभाळ तर एकच.
नियम म्हणतो, मांडवी.
नियम बरोबर असेल. मी तरी परत एकदा
गोत्रीला जाऊन आले. एकोणतीस.
मॅडम मग विभागणाऱ्या पेशी शोधत बसल्या,
चहाचं बोलावणं आलं तरी उठल्या नाहीत.

पाचच्या सुमारास खिडकीशी मुलगा.
सोळा-सतराचा, बोटांना चिकटपट्ट्या,
मनगटापर्यंत गुलाबी.
उरलेले आठशे रुपये मोजून ठेवले, तेही कडेला गुलाबी.
विचारू की नको असा थोडा घुटमळला.
"बेन, रंग आव्यो?"

आव्यो, मी म्हटलं.

तो हसला.
त्यांच्या कामात रंग आला
म्हणजे दोरी झाली.
मला पुढचं बोलायला हवं होतं, ते माझ्या हातातलं नव्हतं.
रिपोर्ट उद्या चारनंतर, एवढं सांगितलं,
आणि पावतीची मागची बाजू
त्याला सही करायला
आतून पुढे सरकवली.