इतिवृत्तात नाही

सभा सात वाजता सुरू. गणपूर्ती झाली.
पाच विश्वस्तांपैकी चार हजर.
पाचवा, ऑर्व्हिल टॉफ्टनेस, गाय अडली म्हणून उशिरा येईल.
एवढं मी लिहिलं.

विश्वस्तांना पगार नाही. कॉफी मिळते,
तीही मार्लिस एंगेबो घरून आणते,
कारण कॉफीचं बिल मंजूर करताना तिला लाज वाटते.

नाव ऐकायला भारदस्त: शाळा-जिल्हा.
आहे काय? मोंटानाच्या वरच्या कोपऱ्यात एक इमारत,
दोन बस, त्यातली एक थंडीत रुसणारी,
नजर दमेपर्यंत गहू,
आणि पटावर एकोणसाठ मुलं.

त्रेसष्ट होती.
सप्टेंबरात स्कारव्होल्डांचं बिऱ्हाड उठलं,
बापाला तेलविहिरींवर काम लागलं.
ट्रकच्या मागे सायकली बांधून चौघं गेली.
ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी राज्य डोकी मोजतं;
त्या दिवशी जे बाकावर, तेच हिशोबात.
तीन आठवडे थांबले असते तर,
असं माझ्या मनात आलं.
मुलांना हात हलवता हलवता आलं.

दरडोई.
बावीस वर्षं हा शब्द मी रकान्याच्या डोक्यावर टंकते आहे
आणि अजून मला त्यात डोयाच दिसतात:
एक बर्फाने भिजलेली, एक उवांपायी भादरलेली,
एक गणिताच्या तासाला बाकावर कलंडलेली.
चार डोया वजा.
म्हणजे अर्धी संगीतशिक्षिका,
किंवा दुसऱ्या बसचं डिझेल, मार्चपर्यंत.

विषय चौथा: बॉयलर.
डेल्बर्ट क्रूझिच म्हणाला, अजून एक हिवाळा काढेल.
हे तो सात हिवाळे म्हणतो आहे.
जोलीन फ्राइश म्हणाली, मग बंदच करू या ना शाळा,
सदतीस मैलांवर दुसरी आहे.
तिचाच मुलगा पहिलीत.
कोणीतरी म्हणायला हवं होतं, ते तिने म्हटलं,
आणि पेनाचं टोपण काढत-लावत बसली.

विषय पाचवा: जादा कराचा प्रस्ताव
मे महिन्यात मतदारांपुढे ठेवावा की नाही.
दोन बाजूने, दोन विरुद्ध.

शेवटच्या खुर्चीत थोरा नीलँड, वय एक्याऐंशी,
ना मूल ना नातवंड, पण एक सभा चुकवत नाही.
बल्ब एवढे महाग कसे, विचारते.
मी पावती देते. ती चष्मा बदलून वाचते.
तिच्या घरपट्टीवर जळतात ते बल्ब; विचारू दे.

आठ चाळीसला ऑर्व्हिल आला.
उजवी बाही कोपरापर्यंत ओली, लाल-काळी.
वासरू? मार्लिसने विचारलं.
उभं राहिलं.
मग माझ्याकडे वळून: माझ्यावर किती पडेल?
आकडा मला पाठ होता. सगळ्यात जास्त जमीन त्याचीच.
तीन हजार चारशे, वर्षाला.
तो हाताकडे बघत राहिला.
म्हणजे आजचं वासरू, म्हणाला, आणि अजून एक.
दर साली.
नळ कुठाय?

बालवाडीचं बेसिन त्याच्या गुडघ्याला लागतं.
दार उघडंच होतं. गरम पाणी यायला वेळ लागतो,
आम्ही सगळे ते पाणी ऐकत बसलो.
परत येऊन त्याने उभ्यानेच हात वर केला.
कागदावर एक थेंब पडला, अंदाजपत्रकाच्या,
'इतर' या रकान्यात.

ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी संमत.
सभा नऊ वाजून सहा मिनिटांनी समाप्त.

मे महिन्यात काय होणार ते थोरासारख्यांच्या हातात,
आणि ती काही बोलत नाही.
जाता जाता तिने व्हरांड्यातले तीन दिवे मालवले,
मग माझ्या डोक्यावरचा.
मी अजून आत होते. लिहीत होते.