सामानाशिवाय धरा

फेब्रुवारी. टोलेडो, ओहायो. लग्रेंज स्ट्रीटवर
पायऱ्यांवरचं मीठ बुटाखाली करकरतं.
दार उघडायला काझिमिर डुबिएल पुरती दोन मिनिटं घेतात.
एकोणचाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात, भट्टीपाशी;
आता गुडघे.
मी ओळखपत्र दाखवते : ओडेसा टिलमन,
सरकारी पाहणी.
"म्हणजे तूच ती," म्हणतात,
"जी म्हणते महागाई तीन टक्के."

मी म्हणत नाही. मी विचारते आणि भरते.
पण हे वाक्य लोकांच्या दारात उभं राहून
कितीदा बोलायचं.

आत गेल्या गेल्या कॉफीचा डबा कानाशी हलवतात.
"डबा तोच. आवाज ऐक."
ते धरतो आम्ही, मी सांगते, वजनावर मोजतो, डब्यावर नाही.
त्यांचा चेहरा पडतो.
भांडायला बसलेल्या माणसाचा हातचा मुद्दा गेला की पडतो तसा.

मग टीव्ही. जुना बंद पडला, तेवढ्याच पैशांत नवा आणला,
आणि आमच्या कागदावर तो स्वस्त झालेला,
कारण चित्र चौपट स्पष्ट.
"माझे डोळे झाले का चौपट?
जुन्यासारखा साधा मागितला, तो कोणी ठेवतच नाही.
मला नको असलेलं चांगलेपण
माझ्याच पेन्शनीतून कापता तुम्ही."
यावर कार्यालयाकडे अठरा पानांचं उत्तर आहे.
मी ते वाचलंय. बोलले नाही.

रविवारचा गोमांसाचा तुकडा सुटला, कोंबडीवर आले.
"मी हरलो, बाई. तुमच्या तक्त्यात
ते शहाणपण म्हणून लिहिलंय."
तसं नाही, म्हटलं मी. गोमांसाऐवजी कोंबडी धरत नाहीत,
गोमांसातच एका तुकड्याऐवजी दुसरा, एवढंच.
ते ताटातल्या हाडांकडे बघत राहिले.

त्यांचंही सगळं खरं नव्हतं.
चौऱ्याहत्तर साली केस कापायला किती पडायचे ते तोंडपाठ,
तेव्हाचा पगार मात्र आठवेना.
अंडी महागली की माणसं फोन करतात.
गेल्या उन्हाळ्यात उतरली,
एकाचाही फोन आला नाही.
पण हेही तितकंच, की माझी सरासरी
कुठल्याच घरात राहत नाही. मी इतकी दारं वाजवलीत,
एकदाही तिने उघडलं नाही.

शेवटचा प्रश्न मी नेहमी खाली बघून विचारते.
समजा, हे घर तुम्ही आज भाड्याने दिलं,
तर महिन्याला किती येईल?
"मी इथेच राहतो की."
हो. पण स्वतःचंच भाडं तुम्ही स्वतःला देताय, असं समजायचं.
"आणि थकलं तर?
मीच मला बाहेर काढू?"
हसले, मग खोकले, मग उठले.
स्वयंपाकघर दाखवलं, गळका नळ दाखवला,
खालची भट्टी, जिन्याची सैल पायरी,
जणू मी खरंच बिऱ्हाड शोधत आलेय.
वरच्या खोलीपाशी थांबले.
आत खिडकीकडे तोंड करून एक खुर्ची,
पाठीवर हिरवा स्वेटर, कोपरं झिजलेली.

सामानाशिवाय धरा, मी म्हटलं.
नियमच आहे तसा. वीज, गॅस, सामान वगळून.

"सामानाशिवाय," ते म्हणाले.
बराच वेळ दाराची मूठ धरून उभे.

"चारशे."

शेजारचं तेवढंच घर अकराशेला गेलंय.
मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे.
चारशेच का, हे विचारायला रकाना नाही,
तरी विचारलं.
"माझ्याकडून मी
त्याहून जास्त घेतले नसते."

बाहेर गाडीत बसले, काच धुकटलेली.
यंत्राने लाल अक्षरांत विचारलं :
रक्कम असंभाव्य. खात्री आहे?
माझ्या घरमालकाचं पत्र बाजूच्या सीटवर, अजून न फोडलेलं.
हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि दाबलं,
हो.