आठ पूर्णांक दोन

संगम पुलावर पहाटे साडेसहाला
नदीचं धुकं थेट बाहीत शिरतं.
स्क्रब म्हणजे काय,
उशीचा अभ्रा, दोन खिसे लावलेला.
आत थर्मल, मधे कालचा पेपर,
छातीशी घडी घालून.

वॉर्डात स्वेटर खुंटीला,
थर्मलच्या बाह्या कोपरावर. नियम.
पेपर मात्र काढायचा राहतोच;
वाकले की कुरकुरतो.

"सिस्टर, पोटात काय वाजतंय?"
"पुण्याचं तापमान," मी म्हणते, "आठ पूर्णांक दोन."

अकरा नंबरच्या कौसाबाई हसत नाहीत.
नाडी बघायला पुढे केलेला माझा हात
ओढून घेतात दोन्ही ब्लँकेटांखाली.
"बर्फ हाय नुसता."

मी घड्याळाकडे बघत राहते.
मिनिट केव्हाच संपलंय.
परत मोजावं लागणार.