पाण्यावरचं वांगं

पहिलं वर्षभर माणसाला हात लावू दिला नाही.
परातीत पाणी, पाण्यावर एक वांगं,
आणि माझ्या चिमटीत केसाएवढी सुई.
"टोच," सेत्सुबाई म्हणायच्या,
"पण ते बुडता कामा नये."

वांगं बुडायचं.
गिरकी घेऊन देठाकडून माझ्याकडे बघायचं.
बाई स्टोव्हपाशी बसून ऐकायच्या.
सातव्या वर्षी तापात डोळे गेलेले;
हाकोदातेच्या बंदरातला भोंगा त्यांना ऐकू येत नसे,
परातीतलं डुबुक मात्र लगेच.
"घाई," एवढंच म्हणत.
किंवा, "आज घरून पत्र आलंय वाटतं."
आलेलं असायचं.

रात्री तीच वांगी मिसोत परतून खायचो,
भोकांसकट.

मार्चमध्ये एका सकाळी सुई आत गेली
आणि पाण्याला कळलं नाही.
बाईंनाही कळलं नाही.
"फुजिए, टोचतेयस ना?"
त्यांनी विचारलं.

मग मनगटं.
तीन बोटं ठेवायची. नुसती टेकवली की एक सांगतात,
जराशी दाबली की दुसरंच.
एक नाडी ताणलेल्या तारेसारखी,
एक ताटात घरंगळणाऱ्या मण्यासारखी.
आणि एक कांद्याच्या पातीसारखी,
वरून ताठ, आत पोकळ.
"ही भेटली की बोलू नकोस," बाई म्हणाल्या,
"आधी चहा कर."

मग गावं. अंगभर गावं.
तळपायात उसळता झरा,
मनगटाच्या घडीत देवाचं दार,
गुडघ्याखाली तीन कोस:
दमलेल्यानं तिथं शेक घ्यावा
आणि आणखी तीन कोस चालावं.
डोळे असलेल्या मला
नकाशा शिकवत होती ती,
जिनं कधी नकाशा पाहिला नव्हता.

ताकिमोतो आला तेव्हा बर्फ गुडघाभर होतं.
तीस वर्षं बोटीवर, रात्री दिवे लावून माकुल ओढणारा.
उजवा हात छातीच्या वर जात नव्हता.
इस्पितळात फोटो काढलेला,
हाडात काही सापडलं नव्हतं.
बाईंनी खांदा बराच वेळ चाचपला
आणि सुई घातली नडगीपाशी.
"खांदा दुखतोय, बाई."
"ऐकलं. पण जो ओरडतो
त्याच्याच घरी चोरी झालीय, असं नसतं."

हात आभाळाला लागला, असं सांगायला मला आवडेल.
कानापर्यंत गेला.
त्याच हातानं त्यानं टोपी घातली,
पैसे ठेवले, गेला.
पुढच्या मंगळवारी हात पुन्हा खाली आलेला,
आणि पिशवीत दोन ताजी माकुलं.
असं वसंतापर्यंत चाललं,
वर, खाली, जरा वर.

माझा भाऊ त्याच इस्पितळात नोकरीला.
तो म्हणाला, सुईनं झालं
की कुणीतरी दहा मिनिटं न बोलता
मनगट धरून बसलं, त्यानं?
उत्तर नव्हतं. मी बाईंना विचारलं.
त्या बोटांनी सुयांची नळी पुसत होत्या.
"वर्षभर टोचत होतीस," म्हणाल्या,
"ते वांगं काय आजारी होतं?"

आता माझ्याकडे येतात लोक.
पुष्कळांना मी इस्पितळात पाठवते.
काहींच्या अंगात वारा शिरलेला असतो, काहींच्या ओल,
काहींना नुसतं झोपायचं असतं
आपल्या घरात नसलेल्या शांततेत.
मी विचारत नाही. हात धुते.
थंड बोटं चहाच्या कपावर गरम करते.

सेत्सुबाईंनी शेवटच्या थंडीत
गादीवरूनच मनगट पुढं केलं.
"सांग."
मी तीन बोटं टेकवली.
जराशी दाबली.
बाहेर गच्चीवरून बर्फ घसरलं.
कांद्याची पात.
"छान आहे की," मी म्हणाले,
आणि चहा करायला उठले.

बाई हसल्या.
"डुबुक," म्हणाल्या.